काही नाही, तू तळ

प्रश्न : ताई, नमस्कार. मी त्रिमूर्तीनगरात राहतो, वय ६३, सरकारी नोकरीतून निवृत्त. आमच्या घरी १९९१ पासून एक रिवाज आहे. भाऊबीजेला तिन्ही बहिणी येतात, ओवाळणं होतं, जेवणं होतात आणि दुपारी सगळे मिळून 'अशी ही बनवाबनवी' पाहतो. दरवर्षी तोच. आधी भाड्याच्या व्हीसीआरवर, मग सीडीवर, आता मोबाइल टीव्हीला जोडून. भाचेमंडळी मोठी झाली, एक बेंगळुरूला, एक दुबईला. पण भाऊबीजेला जो नागपुरात असेल तो येतोच. संवाद सगळ्यांना पाठ. आमचे मोठे भाऊजी तर संवाद यायच्या आधीच हसायचे, म्हणजे बाकीच्यांना कळायचं की आता काहीतरी येणार आहे. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

यंदा मुलाच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. सूनबाई जबलपूरची, हिंदी बोलणारी. मराठी थोडीफार समजते. मी तिला मुद्दाम शेजारी बसवलं आणि एकेक विनोद हिंदीत समजावून देत गेलो. ती 'जी पापाजी, जी पापाजी' करत राहिली, हसली मात्र नाही. अर्ध्या तासाने उठून स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. आमची सौ. तिथेच होती, गरम वड्या काढत. रात्री मुलगा म्हणाला, ''बाबा, पुढच्या वर्षी दुसरं काही लावू, नाहीतर राहूच द्या.'' मला वाटलं, निदान सौ. माझी बाजू घेईल. तर ती म्हणते, ''मी तर केव्हाची म्हणतेय, बंद करा ते.''

ताई, इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. केव्हाची म्हणजे केव्हाची? भाऊजी राहिले नाहीत, नव्या माणसाला गोडी नाही, घरच्या माणसाला नको आहे. सोडून द्यावं का हे?

*एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर*

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. 'सत्तर रुपये वारले' हे त्यातलं वाक्य तुम्ही जबलपूरच्या मुलीला हिंदीत कसं सांगितलं असेल हो? 'सत्तर रुपये गुज़र गए'? वारायचं काम माणसांचं, त्यातही ज्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोलायचे त्यांचं. रुपये बुडतात, उडतात, सुट्ट्यात जातात. ते वारले म्हटलं की नोटांची तिरडी बांधल्यासारखं होतं, तिथे हसू आहे. हे समजावून होईपर्यंत पडद्यावर पुढचे तीन विनोद येऊन गेलेले असतात. संवाद वसंत सबनिसांचे. लोकनाट्य लिहिणारा माणूस तो, श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. तुम्ही एकटे त्यांच्या वेगाने भाषांतर करत होतात. पोरीने 'जी पापाजी' म्हटलं हेच खूप झालं.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी एका ठिकाणी अडकले. 'आमची सौ. तिथेच होती, गरम वड्या काढत.' सुनेबद्दल तुम्ही सात-आठ ओळी लिहिल्या, भाऊजींबद्दल जीव लावून लिहिलंत, आणि हे एक वाक्य असं लिहिलंत की जसा काही भिंतीवर पंखा होता.

आता माझं ऐका. माझं लग्न १९८२ चं, सासर महालात. जुना वाडा, पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक जाड भिंत आणि तिला एकच दार. हा सिनेमा लागला १९८८ मध्ये, आमच्या घरी आला तो १९९० च्या दिवाळीत. धाकटे दीर सायकलरिक्षात मांडीवर रंगीत टीव्ही आणि पायांत व्हीसीआर घेऊन आले. घरातल्या प्रत्येकाकडून पाच-पाच रुपये काढले होते. मारधाडीच्या दोन हिंदी कॅसेट्स होत्या आणि ही एक. सकाळपर्यंत हीच तीनदा लागली, हिंदी दोन्ही तशाच परत गेल्या. पुढच्या वर्षी सासऱ्यांनी जुना व्हीसीआर विकतच घेतला आणि ही कॅसेटही. तेव्हापासून भाऊबीज म्हणजे बनवाबनवी.

आणि भाऊबीज म्हणजे पुडाची वडी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, सांबारवडीच ती, आणि सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, आपली कोथिंबीर. दिवाळीच्या सुमारास थंडी पडायला लागली की कॉटन मार्केटातून सांबाराच्या कोवळ्या जुड्या यायच्या. त्या निवडायच्या, धुवायच्या, पंच्यावर पसरून अगदी कोरड्या करायच्या, बारीक चिरायच्या. त्यात तीळ, खसखस, सुकं खोबरं, चारोळी, तिखट. बेसन-कणकेची पोळी लाटून तिला आतून चिंचेचं पाणी, तेल आणि काळा मसाला चोपडायचा, सारण भरून किराणा दुकानातल्या पुडीसारखी घडी घालायची आणि मंद आचेवर तळायची. मंद म्हणजे मंदच. घाई केली की वरून लाल, आत कच्ची. एका घाण्यात चार, फार तर पाच. खाणारी माणसं पंचवीस, आणि प्रत्येकाला हवी गरम, ताकाच्या कढीबरोबर. करा हिशोब. मी कढईपाशी उभी राहिले की सिनेमा संपायलाच मोकळी व्हायची.

तर १९९० ते २००२ मी हा सिनेमा ऐकला.

पाहिला नाही, ऐकला. आणि ऐकून इतका पाठ झाला की घाण्याचा हिशोब मी त्यावर ठेवत होते. सुधीर जोशींचा घरमालक करवादायला लागला की पोळ्या लाटायला घ्यायच्या. लीलाबाई काळभोरांचा आवाज आला की कढई चढवायची. डोहाळजेवणाचं गाणं लागलं की निम्म्या वड्या झालेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर उशीर झाला. (हे गाणं आता खऱ्या डोहाळजेवणांत लावतात. पडद्यावर त्या पाटावर लक्ष्मीकांत बेर्डे बसलेला आहे याचं कोणाला काही वाटत नाही. मला हे फार आवडतं.)

पण एक व्हायचं. मध्येच संवाद थांबायचा, नुसतं संगीत वाजायचं, आणि बैठकीतून हशा फुटायचा. असा की छपरावरची कबुतरं उडायची. ऐकण्यासारखं तर काही नाही, मग हसतात कशाला? मी झारा हातात धरून दाराशी यायची. ''काय झालं हो?'' आतून कोणीतरी म्हणायचं, ''काही नाही, तू तळ.'' कधी दीर, कधी नणंदेचे यजमान, पुढे पुढे माझा स्वतःचा मुलगाही. त्यात दुष्टपणा नव्हता. कोणाला नजर काढवत नव्हती आणि वडी तर गरम पाहिजे होती, एवढंच.

बरं, बैठकीतल्यांनी तरी पूर्ण सिनेमा पाहिला होता का? नाही. १९९३ मध्ये व्हीसीआरने कॅसेट चावली. दिराने चुरगळलेला तुकडा कात्रीने कापून टाकला आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. तेव्हापासून आमच्या सिनेमात धनंजय माने ऑफिसात शिरायचे ते एकदम घरीच उगवायचे. आम्हाला ते तसंच असतं असं वाटायचं. पुढे सीडी आणली तेव्हा तो प्रसंग लागला आणि सासरे रागावून म्हणाले, ''हे काय घुसडलं यांनी नवीन? मूळ सिनेमात हे नव्हतं.'' ते शेवटपर्यंत त्या प्रसंगाला परका समजत राहिले. तो आला की पाणी प्यायला उठायचे.

२००३ मध्ये धनत्रयोदशीला चकल्या तळताना तेल उडालं आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. भाऊबीजेला हाताला पट्टी. वडी तळायला नवरा आणि धाकटे दीर उभे राहिले, आणि मी, लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा दिवाणावर पाय वर घेऊन बसले. तेव्हा मला तो बिनसंवादाचा हशा सापडला. पार्वती झालेला लक्ष्मीकांत नुसता पदर सावरतो. तोंडातून शब्द नाही. मान जराशी तिरपी, दोन बोटांत पदराचं टोक, आणि चेहऱ्यावर असा भाव की मी कोण आहे हे मलाच विचारू नका. सगळे हसले. मी नाही हसले. मला राग आला हो! इतकी वर्षं हे इथे चाललं होतं, आणि मी भिंतीपलीकडे उभी राहून तीळ मोजत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. नवरा घामाघूम होऊन दाराशी आला, झाऱ्यात एक वडी, वरून काळी आणि फुटलेली. आणि मला विचारतो, ''काय झालं, एवढे का हसले सगळे?''

मी काय उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलं असेल.

तेव्हा भाऊ, 'केव्हाची म्हणजे केव्हाची' याचं उत्तर मला थोडंफार माहीत आहे असं वाटतं. तुमच्या सौ. तोंडाने बोलल्या नसतील. आपल्या पिढीच्या बायका बोलायच्याऐवजी भांडं जरा जोरात ठेवतात, आणि तुमच्या घरी टीव्हीचा आवाज मोठा होता. माझा अंदाज चुकतही असेल, म्हणून एक परीक्षा सांगते. आज रात्री त्यांना विचारा, डोहाळजेवणाच्या गाण्यात पार्वतीने कोणत्या रंगाचं नेसलंय? गाणं त्या अख्खं म्हणून दाखवतील. रंग सांगता आला, तर माझं सगळं उत्तर खोटं, मी पुढच्या अंकात कान पकडीन. नाही आला, तर 'बंद करा'चा अर्थ सिनेमा बंद करा असा नसावा. काय बंद करायचं ते तुम्हीच विचारा. मी सांगून काय उपयोग?

आता सूनबाई. तुम्ही म्हणता तिला गोडी नाही. तुमच्या पत्रात तर मला दिसतं ते असं: नवी सून, सासरचे पंधरा-वीस लोक दाटीने बसलेले, शेजारी सासरे कानात विनोदाचा अर्थ सांगतायत, आणि सासू आत एकटी कढईपाशी. कोणत्या मुलीचा पाय बैठकीत ठरेल? मला पहिल्या दिवाळीत कोणी हाताला धरून बसवलं असतं तरी मी बसले नसते. ती कंटाळून उठली असेल, किंवा लाजून, किंवा तिला खरोखरच वडी शिकायची असेल. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: त्या दोघी आत गेल्यावर आतून हसण्याचा आवाज आला का? आठवून पाहा. तुम्ही टीव्हीकडे बघत होतात, म्हणून विचारते.

भाषेचं म्हणाल तर तो अडसर तुम्ही समजता तेवढा मोठा नाही. माझी एक भाची जर्मनीत हॅम्बुर्गला असते. पहिल्या वर्षी ३१ डिसेंबरला शेजाऱ्यांनी तिला बोलावलं आणि टीव्हीसमोर बसवलं. त्या शहरात १९६३ मध्ये टीव्हीसाठी चित्रित केलेलं अठरा मिनिटांचं एक प्रहसन तिथे दरवर्षी त्या रात्री दाखवतात, 'डिनर फॉर वन' नावाचं. गंमत अशी की ते इंग्रजीत आहे. सुरुवातीला जर्मनमध्ये थोडी ओळख करून देतात, पुढे सगळं इंग्रजीच. इंग्रजी न येणारी म्हातारी माणसंही ते वर्षानुवर्षं पाहतात आणि पोट धरून हसतात. आणि ज्या इंग्लंडची ती भाषा, तिथल्या टीव्हीवर ते २०१८ पर्यंत दाखवलंच नव्हतं म्हणे. भाचीला जर्मन येत नव्हतं, शेजारच्या आजीला इंग्रजी. नोकर वाघाच्या कातड्याच्या मुंडक्याला अडखळला की दोघी एकदमच हसायच्या. तो पुन्हा पुन्हा अडखळतो. एकदा मात्र चुकून अडखळत नाही, तेव्हा स्वतःच चकित होतो, आणि आजीने भाचीचा हात घट्ट धरला. तिला आधीच माहीत होतं ना.

भाचीला कोणी कानात काही सांगितलं नाही, बरं का. नुसता हात धरला. पुढच्या वर्षी तुम्ही तेवढं पाळा. सुनेला काही समजावून सांगू नका. पहिल्या वर्षी माणूस विनोद पाहत नाही, घर पाहतो. कोण कुठे बसतं, कोण आधी हसतं, कोण पाणी प्यायला उठतं. तिसऱ्या वर्षी ती तुमच्या आधी हसेल. आणि एक तिच्या हक्काचं सांगा. ही गोष्ट तिच्या भाषेत आपल्या आधी आली आहे. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६ चा. घर मिळावं म्हणून त्यात विश्वजित आणि केश्तो मुखर्जी साड्या नेसले, लक्ष्मीकांत आणि सचिनच्या बावीस वर्षं आधी. म्हणजे या घरात बनवाबनवीचं माहेर तिच्याकडे आहे. अभ्यास म्हणून दाखवायला जाऊ नका, नुसतं कानावर घाला. आणि तिच्या माहेरी दिवाळीला सगळे मिळून काय करायचे, पत्ते, गाणी, सिनेमा, हे अजून कोणी विचारलं नसेल तर ते आधी.

राहिले भाऊजी. भाऊ, इथे मला तुमच्यासारखंच गलबलून आलं. २००४ या एकाच वर्षात बनवाबनवीतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघंही गेले. लक्ष्मीकांत गेला डिसेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर. २००५ च्या भाऊबीजेला सिनेमा लावावा की नाही यावर आमच्याकडे खरंच चर्चा झाली, घरचं सुतक असल्यासारखी. लावला शेवटी. तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. मग सासरे मोठ्याने म्हणाले, ''अरे बापा, हा तर अजून इथेच आहे,'' आणि सगळे हसायला लागले. आता सासरेही नाहीत, सुधीर जोशी नाहीत, लीलाबाई काळभोर झालेल्या नयनतारा नाहीत. त्या जर्मनीतल्या प्रहसनात नव्वदीच्या बाईचा वाढदिवस असतो. तिचे चारही मित्र मरून गेलेले असतात, टेबलावर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या, आणि म्हातारा नोकर चौघांच्या वाटची दारू स्वतः पितो म्हणून झिंगत जातो. लोक त्याच्या झिंगण्याला हसतात. भाचीने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हसले, फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. तुमच्या घरी भाऊजींच्या वाटचं हसू कोणीतरी आधी हसलं पाहिजे. माझ्या मते ते तुमचं काम आहे. तुम्हालाच ठाऊक आहे ते नेमके कुठे हसायचे.

आता कामाचं बोलू. पुढच्या भाऊबीजेला वड्या सकाळीच तळून ठेवा. गारही चांगल्या लागतात. आमच्याकडे त्यावर तीन वर्षं कुरकुर झाली, चौथ्या वर्षी गार वडी हीच परंपरा झाली. स्वयंपाकघरातला दिवा बंद झाल्याशिवाय सिनेमा सुरू करायचा नाही. रिमोट सुनेच्या हातात द्या, तिला समजलं नाही तर ती थांबवेल, पाहिजे त्याला विचारेल, तुम्हालाच विचारेल असं नाही. भाऊजींची जागा मोकळी ठेवू नका, तिथे सौंना बसवा, पाय वर घेऊन.

आणि वडी गरमच पाहिजे असेल तर तळायला तुम्ही उभे राहा. आच मंद.

प्रश्न : मी धरमपेठेत राहते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडेही दिवाळीत जुने विनोदी मराठी सिनेमे लागतात. लहानपणी मीही खूप हसले. आता त्यांतलं काही काही खटकतं. जाड बाई दिसली की हसायचं, बायकी बोलणारा पुरुष दिसला की हसायचं. मी बोलले तर आई म्हणते, ''तू फार शहाणी झालीस, सगळ्यांचा मूड घालवू नको.'' गप्प बसू का?

उत्तर : नको. पण सिनेमा संपल्यावर व्याख्यान देऊ नकोस, ते कोणी ऐकत नाही, मीही ऐकणार नाही. ज्या जागी खटकतं त्याच जागी, सगळे हसत असताना, तू एक वाक्य बोल. ''हे मात्र फालतू आहे.'' बस. मग पुढचा विनोद चांगला असेल तर मनापासून हस, त्यात लबाडी काही नाही. दरवर्षी त्याच जागी तेच वाक्य बोललीस तर दोन-तीन वर्षांत तेही त्या सिनेमाचा भाग होईल. ती जागा आली की सगळे आधी तुझ्याकडे बघतील. माझी नणंद एका सिनेमातल्या थोबाडीत मारायच्या प्रसंगाला गेली वीस वर्षं ''मेल्या, हात झडो तुझा'' म्हणते. आता मारणारा हात उचलतो तेव्हाच आमच्याकडची पोरं एका सुरात ते म्हणतात, थोबाडीत बसायच्या आधी.

आईला मात्र एकदा विचार, तिला स्वतःला कधी काही खटकलं होतं का. माझ्या अंदाजाने तासभर बोलेल.

प्रश्न : घर आवरताना सासऱ्यांची व्हीएचएस कॅसेट सापडली. टीव्हीवर दिवाळीत लागलेला सिनेमा त्यांनी टेप केला होता, मध्ये मध्ये जाहिराती आहेत. रिळावर पांढरी बुरशी दिसते. हाच सिनेमा आता कुठेही चांगल्या प्रतीत मिळतो, मग ही फेकून द्यावी का? *(एक वाचक, इतवारी)*

उत्तर : फेकू नका आणि लावूनही पाहू नका. ते पांढरं म्हणजे बहुधा बुरशीच. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या दमट हवेत, बंद कपाटात ती हमखास धरते. तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते, पुढच्या कॅसेटलाही जाते, आणि कुजलेली पट्टी तुटते. फडक्याने घरी पुसत बसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा, बाकीच्या कॅसेट्सपासून लांब. कॅसेट साफ करून तिची डिजिटल फाइल करून देणारे लोक अजून आहेत. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं जुनं काम करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर पत्ता लागतो. त्यांना बुरशीचं आधीच सांगा, लपवू नका.

सिनेमा कुठेही मिळेल हे खरं. जाहिराती मिळणार नाहीत, तेव्हाच्या बातम्यांची पट्टी मिळणार नाही. आणि एक आणखी. टीव्हीवरून टेप करणारी माणसं जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायची आणि सिनेमा सुरू झाला की पुन्हा बटण दाबायची. त्यात नेहमी उशीर व्हायचा. प्रत्येक जाहिरातीची पहिली दोन-तीन सेकंदं टेपवर येऊन जायची, आणि सिनेमातलं एखादं वाक्य अर्ध्यात सुरू व्हायचं. तो उशीर तुमच्या सासऱ्यांच्या अंगठ्याचा आहे. फाइल करून देणाऱ्याला बजावून सांगा, काही कापू नको, जसं आहे तसंच दे. तोपर्यंत रीळ एका बाजूला पूर्ण गुंडाळलेलं असेल तर तसंच राहू द्या, आणि कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी नको.